जुन्या पेटीचा आवाज

आमच्या कोल्हापुरांतील घरीं, माजघराच्या कोनाड्यांत, गेलीं एकवीस वर्षें एका करड्या लोखंडी पेटीवर पितळी समई ठेवलेली असे. घरांतल्या मुलांना ती पेटी म्हणजे समईचा चौरंगच वाटे. गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत धाकट्या सूनबाईंनीं ती पुसावयास घेतली आणि सहज विचारलें, "ह्या चौरंगाला बटणें कशासाठीं लावलीं आहेत?" त्यावर आम्हांपैकीं वडील माणसांना हंसूं आलें, आणि लगेच थोडी लाजही वाटली.

ती पेटी आमच्या थोरल्या काकांनीं, म्हणजे सर्वांच्या दादांनीं, १९६२ सालीं विलायतेहून परत येतांना आणलेली होती. शिक्षणासाठीं दोन वर्षें तिकडे राहून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं जी पुंजी जमविली, तिचें मोटारगाडीऐवजीं हें यंत्र झालें! त्या काळीं इंग्लंडांत अशीं यंत्रें करणारे पांचसहा नांवाजलेले कारखाने होते. हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांचें 'क्वाड' आणि लंडनच्या हॅरल्ड लीक यांचें 'लीक' हीं त्यांतलीं नांवें आजही जाणकारांच्या तोंडीं आहेत. दादांचें यंत्र त्याच घराण्यांतलें. दादा २००४ सालीं गेले आणि त्या दिवसापासून पेटी मुकी झाली. कोणी ती बंद केली नाहीं. लावणारें माणूस राहिलें नाहीं, इतकेंच.

समईखालचा चौरंग हा मुख्य विवर्धक नव्हे, त्याच्या आधींचा, म्हणजे प्रिअँप्लिफायर. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पूर्वीं ग्रामोफोन असेल. परंतु विजेच्या यंत्रांत ह्या मधल्या पेटीची गरज काय, हें सांगितल्यावांचून पुढील हकीकत समजावयाची नाहीं. चुंबकीय सुईपासून निघणारी वीज सुमारें पांच मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा दोनशेवा हिस्सा असते. मोठ्या विवर्धकाला जागें करावयास तिच्या शेंकडों पट जोर लागतो. शिवाय तबकडीवर गाणें जसेंच्या तसें कोरलेलें नसतें. खर्जाचे स्वर पुऱ्या जोरानें कोरले तर खांच इतकी नागमोडी होईल कीं ती शेजारच्या खांचेंत घुसावी. म्हणून कोरतांनाच खर्ज दडपून ठेवतात. तार बाजू उलट उचलून ठेवतात. कारण ऐकतांना ती खालीं आणली म्हणजे तबकडीची खरखरही तिच्याबरोबर खालीं बसते. प्रवासाला निघतांना बिछान्याची वळकटी करकचून बांधावी आणि मुक्कामीं सोडून पसरावी, तसा हा प्रकार आहे. वळकटी सोडण्याचें काम ह्या पेटीचें. १९५४ सालीं अमेरिकेंत ह्या बांधण्या-सोडण्याचें एक माप ठरलें आणि तेंच पुढें बहुतेक सर्वत्र मान्य झालें. त्या मापानें अगदीं खालच्या आणि अगदीं वरच्या स्वरांमध्यें सुमारें चाळीस डेसिबलांचा, म्हणजे शंभर पटींचा फरक पाडलेला असतो. त्यापूर्वींच्या तबकड्यांत ज्या त्या कंपनीचें माप निराळें असे.

आतां घरांत तीन मतें पडलीं. एकत्र कुटुंबांत तीनच पडलीं हें नवल! आमच्या धाकट्या बंधूंचें म्हणणें, मुंबईस अशा वस्तूंचे षोकी लोक आहेत, ते चांगली किंमत देतील. पुतण्याचें म्हणणें, हल्लीं बोटाएवढ्या यंत्रांत सगळें गाणें मावतें, तेव्हां ही अडगळ भंगारवाल्यास द्यावी. आम्ही मात्र जुनें यंत्र जुन्या मानानें दुरुस्त करावें अशा मताचे होतों. पण खर्चाचा आंकडा विचारतांच आमचें मत जरा डळमळलें. चौऱ्यायशी वर्षांच्या काकू खुर्चींत बसून हें सर्व ऐकत होत्या. निदान ऐकत असाव्यात, कारण हल्लीं त्यांना कमी ऐकूं येतें आणि त्या कबूल करीत नाहींत. शेवटीं त्या म्हणाल्या, "एकदां वाजवून बघा. मग विका, नाहीं तर फेका. पण केसरबाईंची भैरवी तेवढी मला एकदां त्याच्यावर ऐकूं द्या."

मग विकण्याची गोष्ट निघाली नाहीं.

शहरांतल्या एका दुकानदारानें पेटी उघडूनही न पाहतां सांगितलें कीं, आंतलें सगळें काढून त्यांत नवी पट्टी बसवूं, वरून पेटी तशीच दिसेल. आम्ही ती उचलून घरीं आणली. पुढें एका स्नेह्यांनीं सुचविलें कीं, कागलच्या वसाहतींत एक मिस्त्री आहेत, त्यांना व्हॉल्व्हचें काम येतें. ओतशाळेंतला माणूस आणि गाण्याचें यंत्र, हा मेळ आम्हांस चमत्कारिक वाटला. पण त्यास कारण होतें. लोखंडी भाग वरून तापवून कडक करण्याचीं जुनीं यंत्रें हातभर उंचीच्या व्हॉल्व्हवर चालत असत. मिस्त्री अशा यंत्रांची देखभाल करतां करतां शिकलेले. ज्यानें हजारों व्होल्टांचा व्हॉल्व्ह हाताळला, त्याला आमच्या पेटींतले अंगठ्याएवढे चार व्हॉल्व्ह म्हणजे खेळणींच.

कोल्हापूर सोडून पुणें-बंगळूर महामार्गानें दक्षिणेस निघालें कीं गोकुळ शिरगांवची वसाहत मागें पडते आणि पुढें कागलच्या अलीकडे लक्ष्मी टेकडीजवळ पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचा फांटा लागतो. 'पंचतारांकित' हें नांव ऐकून आमच्या काकूंना तेथें मोठीं हॉटेलें असावींत असें वाटलें होतें. वास्तविक तो औद्योगिक महामंडळाच्या मोठ्या वसाहतींचा दर्जा आहे. कागल आणि हातकणंगले ह्या दोन तालुक्यांत ती पसरली आहे. एका बाजूस कापडाच्या गिरण्या, दुसऱ्या बाजूस ओतशाळा आणि यंत्रभागांचे कारखाने, आणि मधूनच उंसाचे फड. शाहूमहाराजांचा जन्म ज्या घाटगे घराण्यांत १८७४ सालीं झाला, तें ह्याच कागलचें. कोल्हापुरांत शिवाजी उद्यमनगरच्या लहान लहान शेडांतून शेतीच्या पंपांचीं आणि एंजिनांचीं कामें करीत जी कारागिरी वाढली, तिचींच हीं नातवंडें येथें मोठ्या पत्र्यांखालीं नांदत आहेत.

एका गाळ्यांत मिस्त्रींच्या मेहुण्याचें मोटार वाइंडिंगचें दुकान आहे. त्याच्या कोपऱ्यांत एक टेबल, एक जुना ऑसिलोस्कोप, एक डिमरस्टॅट आणि भिंतीवर टांगलेला शंभर वॅटचा दिवा, एवढा मिस्त्रींचा संसार. सोबत त्यांची मुलगी होती, अकरावींत शिकते. मुलगी वडिलांच्या उजव्या बाजूसच बसली, हें आमच्या ध्यानांत आलें. त्याचा अर्थ मागाहून कळला.

पेटी उघडतांच समईच्या तेलाचे एकवीस वर्षांचे ओघळ दिसले. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. स्वच्छ फडकें आणि स्पिरिट घेऊन तासभर पुसत राहिले. मग म्हणाले, "काका, मशीन मेलेलं न्हाई बघा. नुस्तं झोपलंय. पर झोपल्यालं माणूस एकदम उठवायचं नस्तंय."

हें वाक्य अलंकारिक नव्हतें, शास्त्रशुद्ध होतें. अशा यंत्रांतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षें विजेवांचून राहिले म्हणजे त्यांच्या आंतील ॲल्युमिनियमवरचा पातळ पापुद्रा झिजतो. एकदम पुरा दाब दिला तर ते तापून फुटतात. म्हणून डिमरस्टॅटनें दाब तासातासानें चढवीत न्यावा लागतो. शिवाय यंत्र आणि वीज यांच्या मध्यें तो भिंतीवरचा दिवा एकसरीनें जोडलेला. आंत कोठें शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वांचतें. सर्व ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. आमचा दिवा लख्ख पेटला. आम्ही खिन्न झालों. मिस्त्री मात्र खूष झाले, कारण दोष उघड्यावर आला होता. तो पेटींत नसून तिला वीज पुरविणाऱ्या मोठ्या विवर्धकांतल्या एका कंडेन्सरांत होता.

येथें एक गोष्ट घरोघरींच्या हौशी मंडळींना सांगितली पाहिजे. व्हॉल्व्हच्या यंत्रांत तीनशें व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि दट्ट्या काढून ठेवल्यावरही कंडेन्सर तो बराच वेळ धरून ठेवूं शकतात. मिस्त्री प्रत्येक वेळीं आधीं रोधकाच्या तारेनें ती सांठलेली वीज काढून टाकीत, मीटरनें मोजीत, आणि मगच हात घालीत. तोही एकच, दुसरा पाठीमागें. दोन्ही हात घातले तर वीज एका हातांतून दुसऱ्यांत, छातींतून जाते. आमच्या पुतण्यानें उत्साहानें पुढें केलेला हात त्यांनीं असा झटकला कीं सासुरवाडीच्या माणसानेंही झटकला नसता.

मग खरा वाद निघाला, आणि तो आमच्याच मनाशीं. व्हॉल्व्हांच्या मधले कागदी कंडेन्सर गळूं लागले होते. त्यांचें काम गाणें पुढें जाऊं द्यावयाचें आणि उच्च दाब मागें अडवावयाचा. तो दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर झिरपला म्हणजे आवाज फाटतो आणि व्हॉल्व्हही थकतो. ते बदलणें प्राप्त होतें. पण कंडेन्सर बदलले, रोधक बदलले, व्हॉल्व्ह बदलले, तर दादांची म्हणून राहील काय? नुसती पेटी? तेंच तर तो दुकानदार म्हणत होता! आम्ही हा प्रश्न मिस्त्रींपुढें मांडला. त्यांनीं विचार करून उलट विचारलें, "दादांनी ही कशाला आणलीवती? बघायला का ऐकायला?" आणि आमच्या उत्तराची वाट न पाहतां त्यांनीं नियम घालून दिला: मीटरवर जें नापास होईल तेंच काढावयाचें, पास होईल त्यास जुनें म्हणून हात लावावयाचा नाहीं, आणि काढलेला प्रत्येक भाग पाकिटांत घालून वर जागा लिहून परत द्यावयाचा. ह्या नियमानें नऊ कंडेन्सर आणि सहा रोधक बाहेर आले. चार व्हॉल्व्हांपैकीं तीन पास झाले. चौथा पेन्सिलीनें टिचकी मारतांच घंटेसारखा वाजे, म्हणजे त्याच्या आंतले अवयव सैल झाले होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें एके काळीं आपल्या देशांत व्हॉल्व्ह केले. परंतु आम्हांस पाहिजे होता तो ईएफ ८६ मुंबईस लॅमिंग्टन रोडवर रशियन बनावटीचा मिळाला. बटणांचे चांदीचे स्पर्शबिंदु काळे पडले होते. ते पॉलिश कागदानें घांसूं नयेत, मुलामा जातो. मिस्त्रींच्या मुलीनें ते स्पिरिटांत बुडविलेल्या जाड कागदाच्या पट्टीनें एकेक करून पुसले. चांदीच्या दागिन्यांचें हुपरी तेथून जवळच. चांदी काळी कां पडते हें त्या मुलखांत शिकवावें लागत नाहीं.

पेटी बोलूं लागली. पण उजव्या बाजूनें बारीक तडतड येऊं लागली. आम्हांस ती ऐकूं येई, मुलीस स्पष्ट ऐकूं येई, मिस्त्रींना येत नसे. त्यांनीं ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर रेघ थरथरतांना दिसली. तेव्हां कळलें, मुलगी उजवीकडे कां बसते.

मिस्त्री एकोणिसाव्या वर्षीं एका ओतशाळेंत फेटलिंगला लागले. ओतकाम थंड झाल्यावर त्यावरचे कंगोरे ग्राइंडरनें आणि छिन्नीनें काढावयाचे, तें हें काम. बारा वर्षें त्यांनीं तें केलें आणि मग ते विजेच्या कामाकडे आले. त्या बारा वर्षांत कोणी कानांवर कांहीं घातलें नाहीं, त्यांनींही नाहीं. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांप्रमाणें नव्वद डेसिबलच्या गोंगाटांत आठ तासच काम करतां येतें. पंचाण्णवांत चार, शंभरांत दोन, आणि एकशेंपंधराच्या वर क्षणभरही उघड्या कानानें राहतां येत नाहीं. कागदावर हें सर्व आहे. गोंगाटानें कान जातो तो सगळा एकदम जात नाहीं. प्रथम चार हजार कंपनांच्या आसपास एक खड्डा पडतो. माणसाला बोलणें ऐकूं येतें, हांक ऐकूं येते, म्हणून त्याला वाटतें कान ठीक आहेत. परंतु स, श, फ हीं अक्षरें पुसट होतात, पांखरें कमी होतात, आणि कानाच्या आंतल्या केसांसारख्या पेशी एकदां गेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. मिस्त्रींना हें एका वार्षिक तपासणींतल्या आलेखावरून समजलें. "कागदावर बघितलं तवा कळलं," ते म्हणाले. "कानानं न्हाई कळलं. कसं कळंल? जे ऐकूच येत न्हाई ते गेलंय हे कानाला कोण सांगणार?"

तडतड शोधण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. एकेका व्हॉल्व्हची जाळी ते जमिनीस जोडीत आणि मुलीकडे बघत. तडतड थांबली तर दोष त्याच्या आधीं, चालूं राहिली तर त्याच्या पुढें. "अजून हाय?" "हाय आप्पा. कढईत जिरं टाकल्यासारखं." "आता?" "हायच." तिसऱ्या खेपेस मुलगी म्हणाली, "गेलं." मीटरवर पास झालेला एक रोधक दाब आल्यावर कुरकुरत होता, तो सातवा रोधक पाकिटांत गेला. बापाचीं बोटें आणि मुलीचा कान, अशी ती जोडी आम्ही तीन आठवडे पाहिली.

गाण्याच्या बाबतींत कोल्हापूर भाग्यवान आहे आणि दुर्दैवीही. ज्या अल्लादियाखांसाहेबांना शाहूमहाराजांनीं दरबारीं ठेवून घेतलें आणि जे १९२२ पर्यंत ह्याच शहरांत गायले, त्यांची एकही तबकडी बाजारांत आली नाहीं. १९४६ सालीं ते गेले आणि आवाज त्यांच्याबरोबर गेला. आपल्याला आहे तो शिष्यांच्या गळ्यांतून गाळून आलेला. त्यांतल्या केसरबाई केरकर ह्यांच्या तबकड्या निघाल्या ही मोठी गोष्ट. त्यांचीच एक भैरवी, साडेतीन मिनिटांची, १९७७ सालीं 'व्हॉयेजर' यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडींतून अंतराळांत गेली. पहिलें व्हॉयेजर ५ सप्टेंबरला उडालें आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. त्या तबकडीबरोबर सुई आणि ती वाजविण्याच्या सचित्र सूचनाही पाठविल्या आहेत. प्रिअँप्लिफायर मात्र दिलेला नाहीं, तो ऐकणाऱ्यानें आपापला करावयाचा आहे.

दादांची लाखेची तबकडी त्याच गायनाची होती. मिस्त्री आणि त्यांची मुलगी पेटी पोंचवावयास घरीं आलीं त्या दिवशीं घर भरलेलें होतें. मुंबईस विका म्हणणारे बंधू सर्वांत पुढें. लाखेच्या तबकडीस सुई निराळी, जाड टोंकाची लागते. नव्या तबकडीची बारीक सुई खांचेच्या तळाशीं जाऊन धूळच वाजवीत बसते. दादांची जाड सुई त्यांच्या चष्म्याच्या डबींत सांपडली. तबकडी लागली. खरखर आली, आणि तिच्या मागून तो रुंद, निर्धास्त आवाज आला. आम्ही काकूंकडे पाहिलें. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी आमची अपेक्षा होती.

काकू म्हणाल्या, "स्वर चढा आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलें. जिला दारावरची घंटा ऐकूं येत नाहीं, तिनें स्वराचा चढ काढावा? पण मिस्त्री गंभीर झाले. त्यांनीं खिशांतून पॅनेलचा निऑन दिवा काढला आणि सत्त्याहत्तर रेघांची एक कागदी चकती तबकडीवर ठेवली. आपली वीज सेकंदास पन्नास वेळां उलटसुलट होते, म्हणून निऑन शंभर वेळां लुकलुकतो. तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनीं फिरत असेल तर रेघा स्थिर दिसतात. रेघा पुढें सरकत होत्या. मोजून पाहतां गति ऐंशींच्या घरांत निघाली. पुसतांना कोणाच्या तरी हातून गतीची खुंटी सरकली असावी. फरक अडीच टक्क्यांचा, म्हणजे अर्ध्या स्वराचाही अर्धा. तो काकूंना कळला, आणि आमच्यांतल्या पेटी वाजविणाऱ्यांना कळला नाहीं! ह्यांत जादू नाहीं. म्हातारपणीं कान वरून उतरत येतो. घंटेची किणकिण आधीं जाते. लाखेच्या तबकडीवरचें गाणें मात्र मुख्यतः पांचसहा हजार कंपनांच्या आंत असतें, आणि तेवढा प्रदेश काकूंजवळ अजून बऱ्यापैकीं शाबूत आहे. दूरदर्शनवरचें भराभर बोलणें त्यांना कळत नाहीं, पण केसरबाईंचा षड्ज कोठें लागतो हें त्यांनीं चाळीस वर्षें दर रविवारीं ऐकलेलें आहे.

खुंटी फिरली, रेघा थांबल्या, भैरवी पुन्हां लागली. ह्या खेपेस काकू कांहीं बोलल्या नाहींत. मांडीवर त्यांचें बोट ताल धरून होतें. तबकडी संपल्यावर त्यांनीं मिस्त्रींच्या मुलीस जवळ बोलावून तिचें शिक्षण विचारलें आणि आंत जाऊन करंज्यांचा डबा आणावयास सांगितला. मिस्त्रींनीं मजुरीचे दोन हजार आणि सामानाचे साडेतीन हजार रुपये घेतले. अधिक देऊं केले तें घेतलें नाहीं.

निघण्यापूर्वीं त्यांनीं एक विनंती केली. ह्या पेटीवर तार बाजू कापणारीं बटणें आहेत. पांच हजारांचें बटण दाबलें कीं खरखर पुष्कळ कमी होते. "तीच रेकॉर्ड लावा, काका. बटण काढून, आन मग लावून." आम्ही लावली. मिस्त्री डोळे मिटून कर्ण्याजवळ बसले. बटण उघडें, मग बंद, मग उघडें. त्यांनीं मान हलविली आणि मुलीकडे पाहिलें.

"आता सरसर येतंय, आप्पा," ती म्हणाली.

"किती?"

"लांबच्या पावसाएवढी."

त्यांनीं आणखी एकदां बटण दाबावयास सांगितलें.

समईसाठीं आतां शिसवी चौरंग आणला आहे. काढलेल्या भागांचीं सोळा पाकिटें दादांच्या टेबलाच्या खणांत आहेत. थकलेला व्हॉल्व्ह पुतण्यानें स्वतःच्या टेबलावर ठेवण्यास मागून घेतला.